पन्नाशीला आलेल्या गाड्या : ठाणे-नवी मुंबईच्या मोटारसायकलींची पार्श्वभूमी

केंद्र सरकारने 15 जुलै 2021 रोजी मोटार वाहन नियमांत भर घातली आणि जुन्या दुचाकीला कायद्यात स्वतःची जागा मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेल्या जावा, येझदी, राजदूत आणि बुलेट आता या नियमात बसू लागल्या आहेत. ठाणे-नवी मुंबईत अशा गाड्या का आल्या, त्यातल्या बऱ्याच का गेल्या आणि उरलेल्या सांभाळायच्या म्हणजे नेमकं काय सांभाळायचं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्याकडे मोटारसायकल आली ती कारखान्याच्या भोंग्यामागोमाग. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे कळवा पुलापलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहिले. सीमेन्स, मुकंद, नोसिल ही नावं त्या काळात ठाण्याच्या घराघरात होती. कामगार तीन पाळ्यांत जायचा आणि त्या रस्त्याला लोकल नव्हती. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये आली, खाडीवरचा वाशीचा पूल 1973 मध्ये झाला, पण वाशीला लोकल पोचायला 1992 उजाडलं. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाडी धावली ती तर 2004 मध्ये. म्हणजे एक अख्खी पिढी या पट्ट्यात बसच्या भरवशावर राहिली. रात्रपाळी सुटल्यावर बस चुकली की पंचाईत. ज्याला जमलं त्याने पतसोसायटीचं कर्ज काढून गाडी घेतली. इथे दुचाकी शौकासाठी फार थोड्यांनी घेतली. बहुतेकांनी ती पाळी गाठण्यासाठी घेतली, आणि माझ्या मते या भागाच्या दुचाकी वारशाचं खरं वेगळेपण यातच आहे.

एक गाडी तर अगदी शेजारी बनायची. मुलुंडच्या थोडं पुढे, भांडुपला, जुन्या आग्रा रोडवर ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता. 1949 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने इटलीच्या इनोसेंटीची लॅम्ब्रेटा इथे जुळवायला आणि मग बनवायला घेतली. पुढे तीच 'लॅम्बी' नावाने विकली गेली. स्कूटर असली तरी इथल्या दुचाकीच्या इतिहासातून तिला वगळता येणार नाही. एवढ्या जवळ स्कूटर बनत होती, हे आज ठाण्यातल्या तरुण पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या कारखान्याची साधी पाटी तरी कुठे लागायला हवी होती.

जावाचंही मुंबईशी नातं आहे. पन्नाशीच्या दशकात आयातीवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईत जावा आयात करणाऱ्या रुस्तम इराणींनी फारुख इराणींच्या साथीने म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली. 1961 मध्ये कारखाना सुरू झाला, 1973 पासून गाड्यांवर 'येझदी' हे नाव आलं आणि 1978 मध्ये रोडकिंग आली. एन्फिल्डची बुलेट मद्रासला 1955 पासून जुळवली जात होती, तर एस्कॉर्ट्सची 175 सीसी राजदूत पोलंडच्या गाडीवर बेतलेली होती. राजदूत दूधवाल्यांची आणि खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांची गाडी, त्यामुळे शहापूर, मुरबाडकडे ती जास्त दिसायची.

या गाड्या हाताळायच्या म्हणजे त्यांचं शास्त्र माहीत असावं लागे. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून इंजिन चालू झालं की तोच दांडा पुढे वळवायचा आणि त्यानेच गिअर टाकायचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. ती चालू करताना डीकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा) काटा मध्यावर आणायचा, मगच पूर्ण किक. घाई केली तर किक उलटी बसायची आणि पिंडरी सुजायची.

मिस्त्रीचं काम तर याहून बारीक. येझदीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, बसवताना प्लग काढून त्या भोकातून पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली आहे ते मापायचं. मग पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या जोडाच्या) फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा आणि रोटर अगदी हळू फिरवायचा. कागद अलगद सुटला की पॉइंट उघडला. तो क्षण आणि पिस्टनचं माप जुळेपर्यंत पॉइंटची प्लेट मागे-पुढे करत राहायची. जुने मिस्त्री हे काम करताना बोलत नाहीत. गाडी चालू झाल्यावर दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरतात, धूर दोन्हीकडून सारखा येतोय का बघतात आणि मगच चहा मागवतात. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात या तपशिलाने मिळत नाही. ते हातातून हातात जातं, आणि आज ते घेणारे हात फार कमी उरलेत.

उतरण सुरू झाली ती 1980 च्या दशकात. जपानी कंपन्यांशी भागीदारी करून 100 सीसीच्या गाड्या आल्या : 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100, पाठोपाठ कावासाकी बजाज. हलक्या, एका किकमध्ये चालू होणाऱ्या, आणि हिरो होंडा तर मायलेजमध्ये सगळ्यांच्या पुढे. पाळीवर जाणाऱ्या माणसाने त्या घेतल्या यात नवल नाही. 1996 मध्ये येझदीचा म्हैसूरचा कारखाना बंद पडला, आरएक्स 100 चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. 2000 पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि जावा, येझदी, आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या) गाड्यांचा बाजार आटला.

इथे त्यात आणखी एक कारण मिसळलं. नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या. जिन्याखाली वीस वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीला नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये जागा नसते. घर रिकामं करायच्या आठवड्यात भंगारवाला येतो आणि टाकी, मडगार्डसकट गाडी वजनावर जाते. त्याच इमारतींच्या तळमजल्यावरची छोटी गॅरेजं हलली ती पुन्हा उघडलीच नाहीत. सुटा भाग हवा तर आजही कुर्ल्याचा सीएसटी रोड नाहीतर चोर बाजार गाठावा लागतो.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलंय. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभरातले जावा-येझदीवाले एकत्र जमतात, त्यात आपल्याकडचेही असतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवली-ठाण्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून रुजली. तीत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघालेल्या बायका हे चित्र आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मला ते मनापासून आवडतं. ज्या गाडीवर त्यांच्या आया मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या, तिचा हँडल आता त्यांच्या हातात आहे.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुनी येझदी घ्यायची, चासी (गाडीचा सांगाडा) कापायची, जाड टायर घालायचे आणि 'रिस्टोअर केली' म्हणायचं, हा प्रकार वाढलाय. 2021 चा नियम याबाबतीत स्पष्ट आहे : चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी व्हिंटेज धरली जात नाही. म्हणजे एका ग्राइंडरने पन्नास वर्षांचा हक्क अर्ध्या तासात जातो. फिक्या पडलेल्या रंगाची, मूळ पार्टांची गाडी चकचकीत क्रोमपेक्षा मोलाची आहे, हे गाडी उघडण्याआधी समजून घ्यायला हवं.

दुसरी अडचण कागदांची. व्हिंटेज नोंदणीची फी पहिल्यांदा 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. अर्जासोबत विमा आणि भारतात आधी नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी बुक लागतं. अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रोज फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणीच दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून वाढवावी लागते. पण कितीतरी आरसी बुकं अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहेत. ती आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करावी लागतात. 1989 आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर ती नोंद ऑनलाइन आहे का हे आरटीओत पाहून घ्यावं, नसेल तर चढवून घ्यावी. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप काढून घ्यावा, आणि नंबरावर गंज चढण्याआधी काढलेला बरा. आरसी बुकाची पानं सुटायला लागली असतील तर प्रत्येक पानाचा फोटो आजच काढून ठेवावा.