शोरूममधून खोक्यात: जोडायच्या मोटारींची आणि ट्रकांची पूर्वपीठिका

आपल्याकडे ‘मॉडेल कार’ म्हटलं की तयार डायकास्ट, म्हणजे धातूची ओतीव गाडीच आठवते. पाकीट फोडायचं, गाडी कपाटात ठेवायची, झालं. खोक्यातून शे-सव्वाशे सुटे भाग काढून, घासून, रंगवून, गोंदाने जोडून गाडी उभी करणारे आपल्याकडे तसे थोडेच. अमेरिकेत मात्र हा नाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचं मूळ खेळण्यांच्या कारखान्यात शोधायला गेलं तर अर्धीच गोष्ट हाती लागते. उरलेली अर्धी मोटारी विकणाऱ्यांच्या शोरूममध्ये घडली. आजचे संग्राहक ज्या गोष्टींवरून डोकं धरून बसतात, म्हणजे अमुक सालची गाडी मिळतच का नाही, एक किट (जोडायच्या सुट्या भागांचं खोकं) खऱ्या गाडीच्या १/२४ मापाचं आणि दुसरं १/२५ का, त्यांची उत्तरंही तिथेच आहेत.

दुसरं महायुद्ध संपलं आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांतून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नवं मॉडेल, नवी जाळी, नवे दिवे, नवे रंग. ती गाडी गिऱ्हाइकाच्या मनात भरावी म्हणून डीलरच्या टेबलावर तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती ठेवायची पद्धत होती. तिला म्हणायचे ‘प्रोमो’. कंपनीच्या खऱ्या रंगछटांत रंगवलेली, वीतभर लांबीची. बाप गाडी पाहायला आला की बरोबरच्या पोराच्या हातात एक प्रोमो द्यायचा. मग घरी गेल्यावर गाडीची आठवण काढायचं काम पोरगं फुकटात करायचं. वेस्ट गॅलॉगली या वकिलाने १९४८ मध्ये मिशिगनमधल्या ट्रॉय इथे याच धंद्यासाठी कंपनी काढली. पहिल्या प्रतिकृती अॅल्युमिनियमच्या, म्हणून नाव ‘अॅल्युमिनियम मॉडेल टॉइज’. लवकरच प्लॅस्टिक आलं, अॅल्युमिनियम गेलं आणि मागे उरली ती एएमटी ही तीन अक्षरं. डेट्रॉइटची जो-हान आणि जवळच्याच बर्मिंगहॅम गावची एसएमपी याही त्याच पंगतीतल्या.

प्रोमो हे खेळणं नव्हतं, मोटार कंपनीची जाहिरात होती. बंपरचा बाक चुकला तर कंपनी माल परत करणार. म्हणून गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी, गुप्ततेच्या अटीवर, खऱ्या गाडीची ड्रॉइंगं या छोट्या कारखान्यांकडे पोचत. ही ड्रॉइंगं दशमान पद्धतीने लहान केलेली असत आणि १/२५ हे प्रमाण त्यातूनच रुळलं असं जाणकार सांगतात. फूट-इंचांत विचार करणाऱ्याला १/२४ सोयीचं, कारण त्यात एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. दोन्हींतला फरक चार टक्क्यांचा. एकट्या गाडीत तो कळत नाही, पण एका किटचं इंजिन दुसऱ्याच्या बॉनेटखाली बसवायला गेलात की लगेच कळतो.

सुरुवातीच्या प्रोमो अॅसिटेट जातीच्या प्लॅस्टिकच्या होत्या. हे प्लॅस्टिक वर्षं सरतील तसं आकसतं आणि वेडंवाकडं होतं. त्या काळातली प्रोमो सरळ सापडली तर नशीब; बहुतेकींची बॉडी केळ्यासारखी वाकलेली असते. १९६०-६१ च्या सुमारास सगळ्यांनी पॉलिस्टायरीन हे दुसरं प्लॅस्टिक धरलं आणि ही कटकट संपली.

जोडायची किटं तोवर नव्हतीच असं नाही. कॅलिफोर्नियाच्या रेव्हेलने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने जुन्यापुराण्या गाड्यांची १/३२ प्रमाणातली किटं काढली आणि ती हातोहात खपली. इंग्लंडच्या एअरफिक्सची कथा तर प्रोमोचीच: १९४९ च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी बनवलेली प्रतिकृती पुढे सुट्या भागांत दुकानात विकायला आली. पण मोटारींच्या किटला आजचं रूप आलं ते १९५८ मध्ये, एएमटीच्या ‘थ्री-इन-वन’ मालिकेमुळे.

कल्पना साधी आणि व्यापारी डोक्याची. प्रोमोचा साचा तयारच आहे, त्याचा खर्च मोटार कंपनीच्या ऑर्डरीतून निघाला आहे. मग तीच बॉडी न जोडता, जादा भाग घालून, दीड डॉलरच्या आसपास विकली तर? खोक्यात एका गाडीचं सामान, पण जोडायच्या रीती तीन: शोरूममधली मूळ गाडी, हौशी सजवलेली ‘कस्टम’, नाहीतर शर्यतीची. उरलेले भाग पोरं जपून ठेवत आणि पुढच्या गाडीला लावत.

त्या काळातलं एखादं किट उघडून पाहिलं तर त्याचा वंश लपत नाही. छत, दोन्ही कुशी, पुढचा-मागचा भाग धरून अख्खी बॉडी एकसंध ओतलेली. बाजूबाजूने सरकणाऱ्या अनेक तुकड्यांच्या साच्याने हे साधलं आणि त्याचं श्रेय बरेचदा एसएमपीच्या जॉर्ज टोटेफ यांना दिलं जातं. आधीच्या किटांत ही बॉडीच तुकड्या-तुकड्यांनी जोडावी लागे, आणि जोड बुजवता बुजवता नाकी नऊ येत. मग खाली बघा: पुढच्या दोन चाकांना जोडणारी लोखंडी तार आरपार जाते, ती थेट इंजिनच्या ब्लॉकला पाडलेल्या भोकातून. खऱ्या गाडीत असं काही असणं शक्यच नाही. पण प्रोमोला आत इंजिन नव्हतं, चाकं फिरली म्हणजे झालं. पुढे किटात इंजिन आलं तरी तार आपली जागा सोडेना. आजही जुने साचे वापरून काढलेल्या किटांत ते भोक दिसतं. नवशिक्यांना वाटतं साच्याचीच चूक असावी. मुरलेले लोक ते भोक बुजवून पुढचा अॅक्सल स्वतः घडवतात.

साठचं दशक म्हणजे या छंदाची भरभराट. एएमटीने मोटारींच्या सजावटीचे बादशहा जॉर्ज बॅरिस यांना हाताशी धरलं. रेव्हेलने एड ‘बिग डॅडी’ रॉथ यांच्या अचाट गाड्या आणि रॅट फिंक नावाचा ओंगळ उंदीर खोक्यात भरला. टोटेफ यांनी १९६३ मध्ये बाहेर पडून एमपीसी ही स्वतःची किट कंपनी काढली. जो-हानने क्रायस्लरच्या टर्बाइन मोटारीचं किट काढलं. त्या गाड्या बनल्याच मुळात ५५ आणि त्यांतल्या बहुतेक कंपनीनेच मोडीत काढल्या. बहुतेकांना ती गाडी जवळून न्याहाळता येते ती या किटातूनच. नशेसाठी गोंदाचा वास हुंगण्याची भानगडही याच दशकातली. टेस्टर्स या गोंदवाल्या कंपनीने १९६९ मध्ये त्यावर उपाय म्हणून ट्यूबमध्ये मोहरीचं तेल मिसळलं. मुद्दाम हुंगायला गेलं की नाकाडोळ्यांतून पाणी.

आता त्या न मिळणाऱ्या सालांकडे येऊ. मोटार दरवर्षी थोडी बदलायची, तसा साचाही. नवा साचा पाडणं महाग. म्हणून मागच्या सालच्या साच्यातलीच जाळी, बंपर, मागचे दिवे कोरून-बदलून नव्या सालची गाडी काढायची. तसं केलं की मागचं साल संपलं. काही बॉडींचे मडगार्ड कापून त्यांची शर्यतीची गाडी बनवली, तीही कायमची. १९६२ ची एखादी साधी सेडान तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायची, आज न जोडलेली मिळाली तर तिला दुर्मीळ नाण्याचा भाव येतो, याचं कारण एवढंच. लोक याला कंपन्यांचा निष्काळजीपणा म्हणतात, मला ते पटत नाही. जाहिरातीचा माल पुढच्या हंगामात शिळा होणारच होता; साठ वर्षांनी कोणी त्याच्यासाठी जीव टाकेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

ट्रकांची वाट वेगळी. लांब पल्ल्याचा ट्रक विकत घेणारा गिऱ्हाईक प्रोमोवर भुलणारा नव्हे, त्यामुळे उसना घ्यायला तयार साचाच नव्हता. १९७० च्या आसपास एएमटीने पीटरबिल्ट ३५९ हा लांब नाकाचा, म्हणजे चालकाच्या पुढे इंजिन असलेला ट्रक १/२५ मध्ये आणला तो सगळा नव्याने घडवून, आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. इथे तळाची सपाट पट्टी नाही. दोन लांब रूळ, मध्ये आडव्या पट्ट्या, त्यावर पाटे, अॅक्सल, टाक्या, सगळं खऱ्या ट्रकच्या बांधणीबरहुकूम एकेक करून. रूळ चिकटवताना केसभर पीळ राहिला तर दहा चाकांतलं एखादं जमिनीला टेकतच नाही, आणि गोंद वाळल्यावर काही करता येत नाही. म्हणून जाणकार चासी काचेवर ठेवून, वजन देऊन सुकवतात. पाठोपाठ केनवर्थ आले, चपट्या तोंडाचे फ्रेटलायनर आले, फ्रुहॉफचे ट्रेलर आले. चाळीस फुटी ट्रेलर या प्रमाणात जवळजवळ अर्धा मीटर होतो. तो ठेवायचा कुठे, हा ट्रकवाल्यांच्या घरातला कायमचा वाद.

तेलसंकटानंतर अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे एकमेकांना कळवायला ट्रकचालकांनी सीबी रेडिओ (थोड्या अंतरावर आपसात बोलायचा रेडिओ) जवळ केला आणि बघता बघता ट्रकवाला लोकांचा नायक झाला. किटांची मागणी वाढली. पण त्याच तेलसंकटाने पॉलिस्टायरीनही महाग केलं. पुढे मुलं दुसऱ्या खेळांकडे वळली, कंपन्यांचे मालक बदलत गेले. एएमटी १९७८ मध्ये मॅचबॉक्सवाल्या लेस्नीकडे आणि तिथून काही वर्षांत आयोवाच्या अर्टलकडे गेली. एमपीसीही अर्टलच्याच पदरात पडली. रेव्हेल आणि मोनोग्राम ही दुसरी किट कंपनी १९८६ मध्ये एका छताखाली आल्या. दर बदलीत साच्यांची हलवाहलव, आणि त्यात थोडी गहाळगफलत.

तोवर बारकाव्याची पताका जपानकडे गेली होती. शिझुओकाच्या तामियाचे शुनसाकू तामिया यांनी पोर्शचं किट बनवण्यासाठी खरीखुरी ९११ विकत घेतली आणि मापं घ्यायला तिचा नटबोल्ट-नटबोल्ट सुटा केला. ट्रकांत इटलीच्या इटालेरीने व्होल्व्हो, स्कॅनिया, मर्सिडीज असे युरोपी ट्रक १/२४ मध्ये आणले. ट्रेलरसकट एकूण लांबीवर तिथे कायद्याची मर्यादा, म्हणून बहुतेक बिननाकाचे. अमेरिकी ट्रेलर आणि युरोपी ट्रक एका फळीवर शेजारी ठेवला की तो चार टक्क्यांचा फरक पुन्हा डोळ्यांत येतो.

एएमटी आणि एमपीसी आज इंडियानातल्या राउंड टू कंपनीकडे आहेत. तिने अलीकडे हरवलेल्या सालांचा वेगळाच तोडगा काढला आहे: संग्राहकांकडची न जोडलेली जुनी किटं स्कॅन करायची आणि त्यावरून साचे पुन्हा पाडायचे. ज्यांनी त्या मूळ खोक्यांसाठी भरमसाट पैसे मोजले होते त्यांच्यातले काही यावर नाराज आहेत. जोडणारे मात्र खूश, कारण साठच्या दशकातल्या किटाला ब्लेड लावताना हात थरथरायचा, नव्याला लावताना थरथरत नाही.