दोन कोटी मतांचा भोपळा

३ नोव्हेंबर १९९२ ला अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. रॉस पेरो नावाच्या टेक्ससच्या उद्योगपतीला त्या दिवशी १ कोटी ९७ लाख लोकांनी मत दिलं, म्हणजे एकूण मतांच्या १८.९ टक्के. पाठीशी पक्ष नाही, त्याआधी साधी नगरपालिकाही लढवलेली नाही. तिथे अध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर ठरत नाही, ५३८ निर्वाचक ठरवतात. त्यांपैकी पेरोंच्या वाट्याला किती आले? भोपळा.

तिथे दर चार वर्षांनी हा भोपळा उकरून काढला जातो. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांना विटलेले लोक विचारतात, एवढे सगळे वैतागलेले असताना बाहेरचा माणूस निवडून का येत नाही? आणि वैतागलेले आहेतच. गॅलप या संस्थेच्या मतपाहण्यांत स्वतःला 'अपक्ष' म्हणवणारे अमेरिकी लोक गेली अनेक वर्षं ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, दोहोंपैकी प्रत्येक पक्षाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त. न्यू जर्सीत राहणारे आपले मराठी नातेवाईकही निवडणुकीच्या वर्षी फोनवर हेच बोलतात. मग उत्तरं ठरलेली: पैसेवाल्यांचं संगनमत, माध्यमांनी दाबून टाकलं, लोकच मेंढरं. या तिन्हींत थोडं थोडं तथ्य असेलही. पण संगनमताची गरजच पडू नये इतकं चोख काम तिथली मतमोजणीची पद्धत करते, आणि मला त्या यंत्रणेचं फार आकर्षण आहे.

ही यंत्रणा दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा यांत्रिक आहे, तो पटकन उरकतो. बहुतेक राज्यांत ज्याला सर्वाधिक मतं, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. त्यामुळे किती मतं मिळाली याच्याइतकंच ती कुठे मिळाली हेही महत्त्वाचं. याचा इतका स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही जमला नसता: १९४८ साली दोन्ही मोठ्या पक्षांबाहेरचे दोन उमेदवार उभे होते. दक्षिणेतले वर्णभेदवादी स्ट्रॉम थर्मंड आणि डावे हेन्री वॉलेस. दोघांनाही साडेअकरा लाखांच्या वर, जवळपास सारखीच, २.४ टक्के मतं पडली. थर्मंड यांना ३९ निर्वाचक मिळाले, वॉलेस यांना एकही नाही. थर्मंड यांची गठ्ठा मतं चार-पाच दक्षिणी राज्यांत होती, वॉलेस यांची देशभर शिंतडलेली. पुढे १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस (हे वेगळे, आडनाव तेवढं एक) यांनी १३.५ टक्क्यांत ४६ निर्वाचक मिळवले, तेही दक्षिणेतूनच. पेरोंची मतं त्यांच्यापेक्षा जास्त, पण सगळीकडे सारखी पसरलेली. मेन (Maine) राज्यात त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष बुश (थोरले) यांनाही काहीशे मतांनी मागे टाकलं, आणि बुश यांचं उन्हाळ्यातलं घर त्याच राज्यात. तरी तिथे पेरो दुसरेच. दुसऱ्या क्रमांकाला बक्षीस नाही.

दुसरा टप्पा मतदाराच्या डोक्यात चालतो. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये तो नीट मांडला: 'सर्वाधिक मतं त्याचा विजय' अशी पद्धत असली की हळूहळू दोनच पक्ष उरतात, कारण तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल अशी लोकांना धास्ती वाटते. (मग भारतात एवढे पक्ष कसे? नियम लागतो तो एकेका मतदारसंघाला. प्रत्येक मतदारसंघात लढत साधारण दुरंगीच, पण ते दोन पक्ष राज्यागणिक वेगळे.) ही धास्ती भित्रेपणाची आहे की हिशेबाची? हिशेब करूनच बघू.

तुमचं एक मत निकाल कधी फिरवतं? पहिल्या क्रमांकावरच्या दोघांत बरोबरी असेल, किंवा एकाच मताचा फरक असेल, तेव्हाच. बाकी कोणत्याही वेळी तुम्ही घरी झोपलात काय आणि रांगेत उभे राहिलात काय, निकाल तोच. आता समजा १० लाख मतदार, दोन उमेदवार, आणि प्रत्येक मतदार नाणं उडवल्यासारखा निम्म्या-निम्म्या शक्यतेने इकडे किंवा तिकडे जातो. नेमकी बरोबरी होण्याची शक्यता साधारण साडेबाराशेत एक येते. वाटते त्यापेक्षा बरीच. पण नाणं जरासं कलतं करा, ५१ विरुद्ध ४९. शक्यता कुठल्या कुठे जाते: दशांशचिन्हानंतर जवळपास ९० शून्यं, मग पहिला आकडा. मतदारांची संख्या घातांकात बसते म्हणून असं होतं. फरक दोनच टक्क्यांचा, पण १० लाख वेळा गुणाकार झाला की त्याचा चेंदामेंदा होतो.

आता तिसरा आणू. 'अ' ला मत पडण्याची शक्यता ३७ टक्के, 'ब' ला ३४ आणि आपल्या आवडत्या बाहेरच्या 'क' ला २९. मतदार फक्त १० हजार. 'अ' आणि 'ब' यांच्यात पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी होणं अवघड आहे, पण 'अ' आणि 'क' यांच्यात होणं त्याहून किती अवघड? गणित केलं तर गुणोत्तर एकावर १८ शून्यांच्या पुढे जातं. आपल्या जुन्या मोजणीत एकावर १७ शून्यं म्हणजे परार्ध. म्हणजे दहा परार्धांहून जास्त पटींनी! ज्यांना पडताळून बघायचंय त्यांच्यासाठी: दोन उमेदवारांच्या मतहिश्श्यांची वर्गमुळं काढायची, त्यांच्या वजाबाकीचा वर्ग करायचा, त्याला मतदारसंख्येने गुणायचं. येणारी संख्या जितकी मोठी, तितकी बरोबरीची शक्यता घातांकी वेगाने लहान. पहिल्या जोडीसाठी ती ६.३ येते, दुसरीसाठी ४८.७. शिवाय दुसऱ्या जोडीत 'ब' सुद्धा खाली राहायला हवा, ती आणखी एक अट वर.

हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. खरे मतदार स्वतंत्र नाणी नसतात, एका बातमीने लाखोंचं मत एकदम हलतं, आणि पाहण्याही चुकतात. त्यामुळे खऱ्या जगात गुणोत्तर पुष्कळ सौम्य असतं. पण दिशा बदलत नाही. म्हणून 'क' मनापासून आवडणारा माणूसही केंद्रावर पोचेपर्यंत 'अ' नको म्हणून 'ब' वर शिक्का मारतो. तो काही वर्गमुळं काढत नाही. 'आपला काही येत नाही, मत कशाला घालवा' एवढ्या वाक्यात तेच गणित उरकलेलं असतं.

यातली खरी गंमत अशी की सगळा हिशेब 'कोण पहिला, कोण दुसरा' या अपेक्षेवर उभा आहे, आवडीनिवडीवर नाही. अपेक्षा बदलली की तेच गणित उलटं फिरतं. १९९२ मध्ये ते फिरलं होतं! २० फेब्रुवारीला लॅरी किंग यांच्या टीव्ही कार्यक्रमात पेरो म्हणाले, पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणा, मग लढतो. स्वयंसेवक सह्या गोळा करत फिरले. जूनमध्ये गॅलपच्या पाहणीत पेरो ३९, बुश ३१, क्लिंटन २५. म्हणजे त्या घटकेला 'वाया जाणारं मत' क्लिंटन यांचं होतं. आणि १६ जुलैला, क्लिंटन आपल्या पक्षाची उमेदवारी स्वीकारण्याचं भाषण करणार त्याच दिवशी, पेरो यांनी माघार घेतली. १ ऑक्टोबरला ते परत आले. अर्ध्या अर्ध्या तासाची टीव्हीची वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून राष्ट्रीय कर्जाचा हिशेब समजावून सांगू लागले, आणि लोकांनी तो बघितलाही. पण अडीच महिन्यांत 'लढत बुश-क्लिंटनची' हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माझ्या मते त्यांचा घात संगनमताने नाही, त्या माघारीने केला. आवड परत मिळवता येते. 'हा येणार' ही सगळ्यांची एकत्र अपेक्षा पुन्हा उभी करणं फार कठीण.

पेरोंनी बुश यांची मतं खाल्ली आणि क्लिंटनना निवडून आणलं, हा समज अजून घट्ट आहे. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारलं, पेरो नसते तर कोणाला दिलं असतं? उत्तरं दोघांत जवळपास समसमान विभागली गेली, काही म्हणाले आलोच नसतो. मतं खाणारा उमेदवार म्हणून बघायचंच तर २००० सालचं फ्लोरिडा बघावं: बुश (हे धाकटे) ५३७ मतांनी पुढे, आणि तिसरे राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं.

मग बाहेरच्याने आत यायचं कसं? पक्षाच्याच दारातून. तिथे पक्षाचा उमेदवार ठरवायला प्राथमिक निवडणुका होतात, आणि गर्दी झाली की हीच पद्धत बाहेरच्याच्या पथ्यावर पडते. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं मिळाली आणि पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी मात्र सगळे, पन्नासच्या पन्नास. उरलेली दोन तृतीयांश मतं पाच जणांत वाटली गेली. तारीख होती २० फेब्रुवारी, पेरोंच्या घोषणेचीच. एखादा ज्योतिषी यावर अख्खं प्रकरण लिहील. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या वेगळ्या करून दाखवायच्या होत्या. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आले असते. निवडणुकीची भाकितं सांगणाऱ्यांनाही हेच माप लावावं.

मत वाया जाण्याची भीती कमी करणारी एक मोजणी आपल्याकडे आहेच. पदवीधर मतदारसंघात मतदान केलेल्यांनी आयोगाच्या जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असे आकडे लिहिलेले आहेत. राष्ट्रपतीही असेच निवडले जातात, फक्त मतदार खासदार-आमदार. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. विरोधात अपक्ष व्ही. व्ही. गिरी, इंदिरा गांधींच्या मूक पाठिंब्यावर. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. तिथे खासदार-आमदारांच्या एकेका मताला ठरलेलं मूल्य असतं, त्या हिशेबाने पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवे होते. गिरी सर्वांत पुढे, पण कोट्याला १६,६५४ कमी. अमेरिकी राज्यात निकाल तिथेच लागला असता. इथे मागचे उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघितली गेली. देशमुखांच्या बहुतेक मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना दिली होती. रेड्डी ९१ हजारांवर मतांनी वाढले, गिरी जेमतेम साडेअठरा हजारांनी. तरी तेवढ्याने गिरींचा कोटा भरला: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. देशमुखांना मत देणाऱ्याचं मत वाया गेलं नाही, शेवटच्या लढतीत ते मोजलं गेलं.

मेन राज्यानेही हा मार्ग धरला, २०१६ च्या सार्वमताने. कारणही घरचंच होतं: २०१० मध्ये तिथले गव्हर्नर ३७.६ टक्क्यांवर निवडून आले होते, एक अपक्ष ३५.९ टक्क्यांवर राहिला होता, उरलेली मतं तिसऱ्या-चौथ्याकडे. पण पसंतीक्रम म्हणजे रामबाण, असं सांगत सुटणारे प्रचारकही मला पटत नाहीत. २०२२ मध्ये अलास्कातल्या पोटनिवडणुकीत निक बेगिच हे मेरी पेल्टोला आणि सारा पेलिन या दोघींनाही समोरासमोरच्या लढतीत हरवू शकले असते, असं नंतर मतपत्रिकांच्या नोंदींवरून दिसलं. पहिल्या पसंतीत मात्र ते तिसरे, म्हणून आधी बाद झाले आणि पेल्टोला जिंकल्या. सगळ्यांची दुसरी पसंती असलेला माणूस या मोजणीत असा कटतो. दोनाहून जास्त पर्याय असले की पसंतीक्रमावर चालणारी कोणतीही पद्धत रास्त वाटणाऱ्या सगळ्या अटी एकत्र पाळू शकत नाही, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ च्या पुस्तकात सिद्ध करून मांडलं होतं. द्युव्हर्जे यांचंही वर्ष तेच.

आणि मोजणी बदलण्याच्याही आधी अपेक्षा कुठे घडतात ते बघावं लागतं. १९९२ च्या तिन्ही अध्यक्षीय वादसभांत पेरो मंचावर होते. त्या सुरू होण्याआधी पाहण्यांत ते १० टक्क्यांच्या खालीच होते, आणि निवडणुकीत पोचले १८.९ वर. २००० ते २०२० च्या निवडणुकांत वादसभा भरवणाऱ्या आयोगाचा नियम होता: पाच राष्ट्रीय पाहण्यांत सरासरी १५ टक्के असतील तरच मंचावर जागा. पाहणीत दिसायला मंच हवा आणि मंचावर जायला पाहणी. या नियमाने १९९२ चे पेरोही बाहेरच राहिले असते. १९९२ नंतर अध्यक्षीय वादसभेच्या मंचावर तिसरा उमेदवार उभा राहिलेला नाही.