भोक गोल आहे, पण सरळ आहे का?

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडीत कारखाना थाटला, त्यामुळे सांगली जिल्ह्याला लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचे यंत्र, काही नवा नाही. तरी नेमके भोक पाडायचे म्हणजे ड्रिल घातले की झाले, असाच बहुतेकांचा समज असतो.

ड्रिलच्या अगदी टोकाला एक बोथट आडवी कड असते. ती कापत नाही, धातू नुसता रेटते. त्यात दोन्ही धारा सारख्या घासलेल्या नसल्या, की ड्रिल एका अंगाला ओढ घेते. भोक मापापेक्षा मोठे होते आणि आत जाता जाता तिरके. मग रीमर, म्हणजे पाडलेले भोक मापात आणायचे बहुधारी हत्यार, घालून सुधारून घेऊ म्हणावे, तर रीमर चाकोरीतल्या बैलगाडीसारखा आधीच्याच वाटेने जातो. मिलिमीटरचा एक-दोन दशांश धातू खरवडून माप आणि फिनिश तो छान देतो. तिरकेपणाला हात लावत नाही.

म्हणून ड्रिल आणि रीमर यांच्या मधे बोरिंग, म्हणजे भोक आतून कातणे, हवे. लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) फिरतो आणि एका धारेचे टूल स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याच्या, अक्षाला समांतर आत सरकते. जुने भोक कुठे वळले होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पहिल्या कटला टूल एका बाजूलाच लागते, खर्र... गप्प, खर्र... गप्प असा आवाज येतो. तो सलग झाला, की भोक अक्षावर आले असे धरायला हरकत नाही.

अडचण आहे ती बोरिंग बारची, म्हणजे टूल धरणाऱ्या दांड्याची. बार दुप्पट बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराने तो आठपट वाकतो. उलट जाडी दुप्पट केली, तर वाकणे सोळा पटींनी कमी होते. त्यामुळे भोकात मावेल तेवढा जाड आणि जमेल तेवढा आखूड बार लावायचा. हेच दुखणे मोठ्या भोकांनाही होते: जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर नेमके गोल नसत आणि त्यांतून वाफ निसटायची. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदाराने बार सिलिंडरच्या आरपार नेऊन त्याला दोन्ही टोकांना आधार दिला आणि ते दुखणे मिटवले. माझ्या मते वाफेच्या युगाचे निम्मे श्रेय या माणसाला द्यायला हवे.

आता मापाचे. 20 मिमीच्या भोकाला एच-7 (मापातल्या सुटीची एक प्रमाणित श्रेणी) सांगितले असेल, तर सूट फक्त 21 मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाहेर सांगलीचा मे महिना असला तरी बिघडत नाही. गेज (माप तपासायचे साधन) आणि जॉब दोन्ही पोलादी असले, तर ते सारखेच फुगतात. घोटाळा होतो तो कट संपताच माप घेतल्याने. जॉब गेजपेक्षा 40 अंशांनी गरम असेल, तर पोलादातले हे भोक सुमारे 9 मायक्रॉन मोठे दिसते आणि निवल्यावर आक्रसते. ॲल्युमिनियम असेल तर फरक साधारण दुप्पट, म्हणजे जवळजवळ सगळी सूट तेवढ्यातच संपली.