तात्पर्याच्या आधीची गोष्ट

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कथालेखनाचा प्रश्न विसरता येत नाही. तहानलेला कावळा – रांजणात तळाशी पाणी – खडे – युक्ती. एवढे मुद्दे द्यायचे आणि खाली लिहायचं, ‘योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा’. गोष्ट दहा-बारा ओळींत उरकायची. खरी धडपड त्या शेवटच्या ओळीसाठी.

आता काही वर्गांत याच गोष्टींवर वेगळा खेळ चालतो. चार-पाच मुलांचा गट करायचा, एक जुनी बोधकथा घ्यायची आणि ती आजच्या काळात घडवायची. मग ‘लांडगा आला रे आला’ ओरडणारा पोरगा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोटे मेसेज टाकू लागतो. ससा स्कूटीवर निघतो आणि सिग्नलला रील बघत बसतो. काहींना हे कौतुकाचं वाटतं, काहींना नवं खूळ. खूळ असेलही, पण नवं नक्कीच नाही.

इसापच्या गोष्टी मुळात मुलांच्या नव्हत्याच. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात इसापचा एक प्रसंग दिला आहे. सामोस बेटावर एका पुढाऱ्यावर खटला चालू होता, शिक्षा मृत्यूची. इसाप त्याच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने कोल्ह्याची गोष्ट सांगितली. खड्ड्यात अडकलेल्या कोल्ह्याच्या अंगाला गोचिड्या चिकटल्या होत्या. काटेरी अंगाच्या जाहकाने (हेजहॉगने) विचारलं, काढू का? कोल्हा म्हणाला, राहू दे. यांची पोटं भरलेली आहेत. या गेल्या तर भुकेल्या नव्या येतील आणि उरलंसुरलं रक्त पितील. मग इसाप लोकांना म्हणाला, हा माणूस आता श्रीमंत झालाय, याला माराल तर याच्या जागी गरीब येतील आणि तिजोरी रिकामी करतील. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याकडच्या चहाच्या टपरीवर हीच गोष्ट जशीच्या तशी खपेल. बोधकथा चालू घडामोडींवर बोलायचं हत्यार होती, आणि तात्पर्य समोरच्या प्रसंगातून निघायचं.

ती शाळेत शिरली तीही पाठांतरासाठी नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने शिक्षणावर लिहिताना सांगितलं की दाईच्या गोष्टींपाठोपाठ मुलांनी इसापच्या गोष्टी घ्याव्यात. आधी साध्या भाषेत तोंडी सांगाव्यात, मग लिहाव्यात. पद्यातली गोष्ट असेल तर तिचं पद्य मोडावं, शब्द बदलावेत आणि पुढे धीटपणे कुठे कापावी, कुठे फुलवावी. ग्रीक वक्तृत्वशिक्षणाच्या प्राथमिक अभ्यासांत तर बोधकथा पहिल्याच पायरीवर असे. हर्मोजेनिस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या नावावर असलेल्या अशाच एका अभ्यासपुस्तकात माकडांची गोष्ट आहे. माकडं शहर वसवायचं ठरवतात आणि एक म्हातारं माकड त्यांना अडवतं: भिंतींच्या आत राहिलात तर आणखी सहज पकडले जाल. इतकीच गोष्ट, पण ती फुलवायची असेल तर माकडांच्या तोंडी भाषणं घाला, असं पुस्तक सांगतं. सिरियातल्या पाल्मायरा इथे मिळालेल्या तिसऱ्या शतकातल्या सात मेणपाट्या आज नेदरलँड्समध्ये लायडनला आहेत. त्यांवर एका शाळकरी मुलाने बॅब्रियस या कवीच्या ग्रीक पद्यबद्ध बोधकथा लिहिल्या आहेत, चुकांसकट. सतराशे वर्षांपूर्वीची गृहपाठाची वही म्हणायची ती.

आपल्याकडची परंपरा याहून मोकळी आहे, असं मला वाटतं. पाली जातककथांची घडणच पाहा. आधी बुद्धाच्या काळातला एखादा ‘आजचा’ प्रसंग, त्यावरून पूर्वजन्मीची गोष्ट आणि शेवटी जुळणी: तेव्हाचा तो अमुक म्हणजे आताचा हा तमुक. जुन्या गोष्टीला वर्तमानाची चौकट त्या ५४७ कथांत जन्मजातच आहे. पंचतंत्राची चौकट तर थेट वर्गाची: अमरशक्ती राजा, त्याची अभ्यासाला नाखूश असलेली तीन पोरं, आणि सहा महिन्यांत त्यांना राजनीती शिकवण्याची पैज घेणारा विष्णुशर्मा. पुढे हा ग्रंथ सहाव्या शतकात इराणात पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेला आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने तो अरबीत आणला, तेव्हा त्यातल्या करटक-दमनक या दोन कोल्ह्यांचे ‘कलीला व दिम्ना’ झाले. दमनकाच्या कारस्थानाला शिक्षा व्हायला हवी असं अरबीत कुणाला तरी वाटलं असावं. तिथे दिम्नावर खटला चालवणारा एक अख्खा अध्याय वाढलेला आहे, जो संस्कृतात नाही.

मराठीत याचं सर्वांत सुंदर उदाहरण तेराव्या शतकातलं. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत. आंधळे हत्ती चाचपतात ती गोष्ट त्यांतलीच. प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरस्वामींचे, पण त्या दोहोंना सांधणारं दार्ष्टान्तिक पंथातल्या शिष्याचं, केशिराजाचं. म्हणजे तात्पर्य काढण्याचं काम इथे ऐकणाऱ्याकडे आलं, आणि ते लपवलेलंही नाही.

मग छापखाना आला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली, इसापच्या गोष्टींचं मराठी रूप. महाराष्ट्राबाहेर, तमिळ मुलखात, ही गंमत विसरू नये. १८१५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला पंडित वैजनाथशर्मांचा मराठी ‘हितोपदेश’ मोडी लिपीत छापला गेला. १८२८ मध्ये मुंबईत शाळापुस्तक मंडळीसाठी सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली. यानंतर ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ म्हणताना हे परदेशातून आलंय हे कुणाच्या मनातही येईना, इतकं ते घरचं झालं. पण शालेय पुस्तकाच्या पानावर गोष्ट गोठली, आणि तात्पर्याने खालची जागा कायमची अडवली.

तात्पर्याच्या या अडवणुकीविरुद्धची पहिली मोठी कुरकुर मात्र त्याच्याही आधीची, फ्रेंचमधली. विचारवंत रूसोने १७६२ मध्ये ‘एमील’ या शिक्षणावरच्या ग्रंथात कवी ला फोंतेनची कावळा-कोल्ह्याची कविता ओळीओळीने सोलली. त्याचं म्हणणं, पोर कावळ्याला हसतं आणि कोल्ह्याच्या बाजूला जातं. तुम्ही शिकवायला बसता सावधपणा, ते शिकतं खुशामत. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीतून तर ते मुंगीचा कंजूषपणा उचलेल. त्याचा उपाय, मुलांना बोधकथा देऊच नका, हा मला टोकाचा वाटतो. निदान मात्र अचूक होतं.

गोष्ट काढून न घेता मुलांच्याच हाती देण्याचा मार्ग विसाव्या शतकात सापडला. १९२०च्या दशकात फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छापखाना आणला. मुलं मनाने लिहीत, मतदानाने एक लेख निवडत, सगळे मिळून तो दुरुस्त करत आणि छापत. सामूहिक लेखन पुढे इटलीत रुजलं. १९६१ मध्ये मारिओ लोदी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं मिळून पुस्तक आलं, एका चिमणीच्या पिल्लाचं. १९६७ मध्ये बार्बियाना या डोंगरावरच्या शाळेतल्या आठ मुलांनी एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिलं, त्यातल्या वाक्यावाक्यावर वाद घालून. आपल्याकडे गिजुभाई बधेका भावनगरच्या बालमंदिरात गोष्ट आणि नाट्य अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणत होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली.

पण ‘जुनी गोष्ट आजच्या काळात’ हा खेळ नेमका मांडला तो इटालियन बाललेखक जान्नी रोदारी यांनी. मार्च १९७२ मध्ये इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात त्यांनी शिक्षकांसमोर आठवडाभर आपल्या युक्त्या ठेवल्या. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. मुलांना पाच शब्द द्या: मुलगी, जंगल, फुलं, लांडगा, आजी. सहावा शब्द द्या, हेलिकॉप्टर. आता लाल टोपीवालीची गोष्ट जुन्या रुळावर चालूच शकत नाही. किंवा उंदीर पळवणारा हॅमेलिनचा बासरीवाला १९७३ च्या रोममध्ये आणा, आणि उंदरांच्या जागी मोटारी भरा. इथे मुद्दा कपडे बदलण्याचा नाही. सशाला स्कूटी दिली म्हणून गोष्ट आजची होत नाही. उंदरांच्या जागी आज काय आहे, हे गटाला आधी ठरवावं लागतं आणि तिथेच भांडणं लागतात. मुंगीबद्दल रोदारींनी एक छोटी कविताही लिहिली, जुन्या गोष्टीची माफी मागून: त्यांची पसंती नाकतोड्याला, कारण तो आपलं गाणं विकत नाही, वाटून टाकतो.

काऊ-चिऊची गोष्ट अशा गटापुढे ठेवली की पहिला प्रश्न दाराचा नसतो. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, हे कुणी ठरवलं? मग गोष्ट नाल्याकाठच्या वस्तीत आणि समोरच्या टॉवरमध्ये जाते, बाळाला तीट लावण्याची सबब वॉचमनच्या तोंडी येते, आणि कावळा दार उघडेपर्यंत थांबतो की दुसरीकडे जातो यावर गटाचे दोन तट पडतात. वहीत तात्पर्याची ओळ बराच वेळ कोरीच राहते.