हवेलीतलं कॉन्व्हेंट, वाड्यातली शाळा

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती पुण्यातल्या बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. जागा भिड्यांची, शाळा पाहुणी. पुढे शाळा हलली आणि वाड्यात दुकानं नि कज्जे उरले. भूसंपादनाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेनं तो मोडकळीला आलेला वाडा उतरवला. हुजूरपागेचं नेमकं उलट झालं. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक यांच्या पुढाकारानं सुरू झालेली ती शाळा पेशव्यांच्या पागेच्या जागेवर स्वतःच्या इमारतीत गेली, आणि आजही तिथेच भरते.

तिसरी तऱ्हा म्हणजे राहतं घरच शाळेच्या मालकीचं होणं. तिचा ठळक दाखला न्यूयॉर्कचा. बँकर ऑटो कान यांनी फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू आणि ९१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, रोममधल्या एका राजवाड्याच्या धर्तीवर, सुमारे ८० खोल्यांची दगडी हवेली बांधली. ती १९१८ मध्ये पुरी झाली. पुढे मंदी आली आणि एवढं घर चालवायला लागणारा नोकरचाकरांचा ताफा श्रीमंतांनाही परवडेना. १९३४ मध्ये कान वारले आणि त्याच वर्षी हवेली ‘सेक्रेड हार्ट’ या कॅथलिक संघाच्या नन्सकडे गेली. त्यांची मुलींची शाळा १८८१ पासून त्या शहरात होतीच. १९४० मध्ये त्यांनी शेजारचं बर्डन कुटुंबाचं घरही घेतलं.

नन्सना असं घर सोयीचं पडलं, कारण १९६४ पर्यंत या संघाच्या नन्स बंदिस्त नियमानं राहत. राहणं, प्रार्थना आणि शिकवणं एकाच आवारात हवं असे, आणि आतल्या चौकाभोवती बांधलेल्या घरात ते जमून जाई. आपल्या वाड्याचीही ठेवण हीच: दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, वर माडी. रस्त्याकडे पाठ करून बसलेलं घर. मुलींना शाळेत पाठवायला कचरणाऱ्या घरांना त्याचा आधार वाटला असेल, हे समजण्यासारखं आहे.

बांधणीचं मात्र सोपं नाही. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. वर्गाला ३००, जिना आणि व्हरांड्याला ४०० धरावा लागतो. वाड्याची जमीन म्हणजे तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर मातीचा थर. मातीचंच वजन मोठं, त्यात पुस्तकांची कपाटं खोलीच्या मध्यावर ठेवली की तुळई वाकते. कपाटं भिंतीलगत, तुळईच्या टेकूजवळ ठेवावीत. खांबांमधला खण पाच-सहा फुटांचा, त्यामुळे वर्ग मोठा करायचा तर खांब आड येतात. ते काढायचा मोह होतो, आणि तिथेच माडी खचते.

जिना हा दुसरा अडसर. शाळेच्या जिन्याची रुंदी नियमानं किमान दीड मीटर लागते. वाड्याचा जिना भिंतीच्या जाडीत कोंबलेला, जेमतेम एका माणसापुरता. सुटीची घंटा झाली की तिथे कोंडी होणारच. म्हणून लहान वर्ग तळमजल्यावर घ्यायचे आणि बाहेरून दुसरा जिना लावायचा.

सगळ्यात घातक दुरुस्ती सिमेंटची. चुन्याच्या भिंतीतली ओल पृष्ठभागातून उडून जाते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ती आतच अडकते आणि भिंतीत रोवलेली तुळईची टोकं कुजू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. टोकाशी पोगर किंवा टोच्या खुपसून पाहावं. लाकूड मऊ लागलं, भुसा निघाला, तर कुजका भाग कापून नवं सागवान जोडायचं आणि गिलावा चुन्याचाच करायचा.

या दुरुस्त्यांचा खर्च मुख्यतः मालक उचलतो. भाड्याच्या वाड्यात मालकाला भाडं तुटपुंजं, भाडेकरूला जागा आपली नव्हे, म्हणून तुळईकडे कोणीच पाहत नाही. कानची हवेली १९७४ पासून न्यूयॉर्कच्या वारसा यादीत आहे. दर्शनी भागात फेरफार करायचा तर परवानगी लागते, पण देखभाल शाळेनंच करायची. शाळा ही तिथली मालकीण आहे.