दोआई रेल्वे स्थानक

दोआई हे जपानच्या गुन्मा प्रांतातील मिनाकामी गावच्या हद्दीतले, जोएत्सू मार्गावरचे छोटे स्थानक. इथे रेल्वेचा कर्मचारी नसतो. टोकियोच्या दिशेने जाणाऱ्या 'अप' गाड्यांचा फलाट उघड्यावर आहे, तर नागाओकाकडे जाणाऱ्या 'डाउन' गाड्यांचा फलाट त्याच्यापेक्षा सुमारे ७० मीटर खोल, बोगद्याच्या पोटात आहे. नाव एकच असले तरी प्रवाशाच्या दृष्टीने ही दोन स्थानके आहेत.

याचे कारण मार्गाच्या इतिहासात आहे. १९३१ साली ९,७०२ मीटर लांबीचा शिमिझू बोगदा खुला झाला, तेव्हा मार्ग एकेरी होता. बोगद्याच्या तोंडापर्यंतची उंची गाठण्यासाठी रूळ डोंगरात वर्तुळाकार फिरवून चढवले होते. दोआईला स्थानकाचा दर्जा १९३६ मध्ये मिळाला. १९६७ मध्ये दुहेरीकरण करताना हे वळसे टाळून खालच्या पातळीवर सुमारे साडेतेरा किलोमीटरचा नवा बोगदा खणला गेला. तो दोआईच्या खालून जात असल्याने डाउन फलाटही तिथेच बांधावा लागला. अप गाड्या आजही जुन्याच मार्गाने उतरतात.

खालच्या फलाटावर उतरले की समोर ४६२ पायऱ्यांचा सरळसोट जिना दिसतो. दर पाच पायऱ्यांनंतर सपाट टप्पा आहे, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. पण लांबी ३३८ मीटर असल्याने दम लागतोच. जिना संपला म्हणजे बाहेर पडलो, असे मात्र नाही. पुढे युबिसो नदी ओलांडणारा १४३ मीटरचा बंदिस्त मार्ग आणि आणखी २४ पायऱ्या आहेत. एकूण पायऱ्या ४८६. सावकाश चढायला दहा मिनिटे लागतात. लिफ्ट नाही. जिन्याच्या कडेला सरकत्या जिन्यासाठी राखलेली पट्टी तशीच मोकळी पडून आहे.

डाउन गाडी चुकते ती बहुधा हा जिना हिशेबात न धरल्याने. स्थानकात माणसे नेमलेली होती तेव्हा डाउन गाडीचे तिकीट तपासणे सुटण्याच्या दहा मिनिटे आधीच बंद करत. आता अडवणारे कोणी नाही, म्हणून तेवढा वेळ स्वतःच राखून ठेवावा. दिवसाला दोन्ही दिशांना मोजक्याच गाड्या असल्याने एक चुकली की काही तास थांबावे लागते. उन्हाळ्यातही बोगद्यात गारठा आणि ओल असते. अंगावर घ्यायला एखादा जाड कपडा आणि न घसरणारी पादत्राणे हवीत. परतीला मिनाकामीकडे, म्हणजे टोकियोच्या दिशेने, जायचे असेल तर खाली उतरू नये. ती गाडी वरच्या फलाटावर येते.

स्थानकाचा मोठा आधार म्हणजे तानिगावा पर्वतावर जाणारे गिर्यारोहक. पर्वताच्या रोपवेचा तळ इथून चालत जाण्याइतका जवळ आहे.