तेल आजाऱ्याचं, शिदोरी निघणाऱ्याची

“फादरना बोलवायचं का?” असं घरात कुणी विचारलं की दुसरं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, “इतक्यात नको, त्यांना वाटेल आपलं आता संपलं.” कॅथलिक घरांत आजही असं घडतं आणि त्यापायी कितीतरी आजारी माणसं हक्काच्या आधाराला मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं. आजाऱ्याला पवित्र तेल लावून करायचा ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ आणि मरणाऱ्याला द्यायचं ‘वियातिकुम’ हे दोन वेगळे विधी आपण एकच समजून बसलो आहोत.

अभ्यंगाचं मूळ बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे. कुणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, प्रभू त्याला उठवील. मरणाचा तिथे उल्लेखही नाही. त्याच ओळींत ‘सोझो’ हे ग्रीक क्रियापद येतं. त्याचा अर्थ आजारातून बरं करणं असाही होतो आणि तारणं असाही. हा विधी समजायला मला तो एक शब्द पुरतो. शरीर बरं होईलच अशी हमी चर्च देत नाही, पण शरीरासाठी मागायचंही सोडत नाही. आणि दुखण्याबरोबर येणारी भीती, एकटेपणा, देवाने आपल्याला टाकलं ही टोचणी, हेही त्या प्रार्थनेत येतं. म्हणून आजार हटला नाही तर “तुमचा विश्वास कमी पडला” असं आजाऱ्याला कुणी सुनावू नये. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं. काटा राहिला, “माझी कृपा तुला पुरे” एवढं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

विधी साधा आहे. फादर आधी काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. मग लहानशा डबीतलं तेल अंगठ्याला लावून कपाळावर क्रूस काढतात, नंतर दोन्ही तळहातांवर. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं एकेक इंद्रिय अभ्यंगत. तेल बहुधा ऑलिव्हचं, पण 1972 साली पोप पॉल सहावे यांनी दुसरं वनस्पती तेलही चालेल असं ठरवलं.

मग ही भीती आली कुठून? मध्ययुगात हा संस्कार हळूहळू मरणशय्येकडे सरकला, त्याला ‘शेवटचा अभ्यंग’ म्हणू लागले आणि तेल वियातिकुमच्याही नंतर लावलं जाऊ लागलं. तेल दिसलं की माणूस चालला, हे समीकरण तेव्हापासूनचं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट सांगितलं, की हा केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा संस्कार नाही. मोठ्या आजाराच्या ऑपरेशनआधी तो घेता येतो. फार थकलेल्या वृद्धांना घेता येतो. बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर पुन्हाही. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर बऱ्याच ठिकाणी पवित्र आठवड्यातल्या बुधवारी जमलेल्या सगळ्यांनाच तेल लावतात.

निघणाऱ्या माणसाचा संस्कार म्हणजे वियातिकुम. हा लॅटिन शब्द प्रवासाला निघताना सोबत घ्यायच्या सामग्रीचा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, शिदोरी. मरणापूर्वीचं हे कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून घ्यायची भाकर आणि द्राक्षारस. मरणाऱ्याला ते नाकारू नये, असं निकेया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने 325 सालीच बजावलं होतं. ते घेताना शक्य असेल तर माणूस बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास पुन्हा कबूल करतो. ज्या विश्वासाने आत आलो, त्याच विश्वासाने पुढे जायचं.

आणखी एक फरक घरच्यांनी ध्यानात ठेवावा. अभ्यंग फक्त फादर किंवा बिशपच देऊ शकतात. फादर मिळाले नाहीत, तर वियातिकुम मात्र डीकन (फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा नेमलेली प्रापंचिक व्यक्तीही आणू शकते. शेवटच्या घटकेला तिन्ही संस्कार द्यायचे झाले तर आधी पापनिवेदन, मग तेल, मग शिदोरी. म्हणून फोनवर नुसतं “शेवटचं द्यायला या” म्हणू नका. आजारी माणूस शुद्धीवर आहे का, बोलू शकतो का, गिळता येतं का, हे सांगा. भाकर गिळवत नसेल तर द्राक्षारसाच्या एखाद्या थेंबातूनही वियातिकुम देता येतं.